सेनिकने मला वाजवलं तो दिवस

मित्रांनो, मी एक जुना नगारा आहे. फणसाच्या खोडातून कोरलेला, म्हशीच्या कातड्याने मढवलेला. आमच्या नदीकाठच्या संस्थानात मी वाजल्याशिवाय कोणी राजा होत नसे. पिवळी छत्री धरा, नाहीतर सोन्याच्या पाटावर बसवा, तोवर तो आपला साधा माणूस. एका राजासाठी मी एकदाच वाजत असे.

खोटं कशाला बोलू, राजे महाग पडत. माझ्या एका ठोक्याच्या मेजवानीसाठी गावोगावच्या म्हशी कापल्या जात आणि त्या कोणाच्या, हे कोणी विचारत नसे. पण जुनी गाणी, नाच, जरीचं विणकाम त्याच निमित्ताने टिकून होतं. पुढे लोकांनी मतं देऊन रोसमानला जिल्हाप्रमुख केलं आणि राजवाड्याचा खर्च बंद झाला. मला वाईट वाटलं, तरी पटलंही.

माझा वादक सेनिक मला घरी घेऊन गेला. पगार थांबला होता, तरी तो दर गुरुवारी मला ऊन दाखवी, खोबरेल चोळी. "राजाशिवाय कोणासाठी तुला वाजवणार नाही," असा त्याने मला शब्द दिला होता.

रोसमानने कबूल केलेला पूल काही झाला नाही. मासळीवाली लिजाह म्हणायची, "राजाला निदान एकच पोट होतं बाई. इथं अख्ख्या कचेरीला पोटं आहेत." तरी तो पुन्हा निवडून आला आणि थेट आमच्या घरी येऊन चटईवर बसला.

"पाक सेनिक," वडीलधाऱ्याला मारतात तशी हाक मारून तो म्हणाला, "शपथविधीला नगारा हवा."

"साहेब, तो राजाचा आहे. तुम्हाला तर लोकांनी मतं दिलीत."

"लाकूडच ना ते? बरं, तुमच्या मेलुरची शाळेतली नोकरी अजून कच्चीच आहे, नाही का?"

लेकीचं नाव निघालं तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

शपथविधीला रोसमान राजे नेसत तसं पिवळं रेशीम नेसून आला. सेनिकने मला वाजवलं. माझं कातडं फाटावं असं मला फार वाटलं. पण त्यानेच ते इतकं जपलं होतं, की मी खणखणीत घुमलो. मैदान शांत झालं. लिजाहने टोपली खाली ठेवली आणि जोडलेले हात कपाळाला लावले, राजापुढे लावतात तसे. मग सगळ्यांनीच लावले. कोणी सांगितलं नव्हतं. रोसमान आधी गोंधळला, मग ताठ उभा राहिला.

"माफ कर रे, पोरीचं बघायचं होतं," घरी आल्यावर सेनिक म्हणाला. त्यानंतर तो माझ्याकडे फिरकला नाही.

मित्रांनो, मला तेल नको, ऊनही नको. मत देऊन बसवलेल्या माणसासाठी मात्र मला वाजवू नका. त्याला कधीतरी खाली उतरवायचं असतं, आणि तो ठोका मला कोणी शिकवलेला नाही.