पुसली गेलेली दोन मिनिटं

मित्रांनो, खरं तर बोलायचाही आता कंटाळा येतो. पण ज्या माणसाचा शेवट माझ्यात आहे, त्याच्याविषयी इतकं खोटं पसरलं आहे की गप्प राहवत नाही. मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे.

१९८८ साली ठाण्याच्या चांगदेव शूटिंगवाल्याने मला विकत घेतलं. लग्नं, हळदी, बारशी टिपण्यात माझं आयुष्य सुखाने गेलं असतं. पण माझ्यावर पहिलंच चित्रण झालं ते कोळीवाड्यातल्या नारळी पौर्णिमेचं. सजवलेल्या होडीवरून जनी नावाची सहा वर्षांची पोर खाडीत पडली. तिथल्याच गुणाजी नावाच्या कोळ्याने कपड्यांनिशी उडी मारली. पोरीला त्याने वर ढकललं, लोकांनी तिला ओढून घेतलं. पण त्याचा पाय खालच्या जाळ्यात अडकला. दोनदा त्याचा हात वर आला, मग आलाच नाही. चांगदेव इतका गांगरला की कॅमेरा बंद करायचंही त्याला सुचलं नाही.

नंतर त्याने माझ्या पाठीवरची प्लॅस्टिकची पट्टी मोडून टाकली. ती मोडली की आमच्यावर दुसरं काही टेप होत नाही. गुणाजीच्या घरी एक प्रत द्यावी म्हणून त्याने मला विठ्ठलवाडीच्या कुंडलिककडे सोपवलं. कुंडलिकची व्हिडिओ लायब्ररी होती, दोन व्हीसीआर होते. चांगदेव भला माणूस, पण तिथेच चुकला.

कुंडलिकने पोरीचा भाग गाळून फक्त बुडणारा माणूस दुसऱ्या कॅसेटवर उतरवला आणि वर लिहिलं, ‘बेवडा बुडाला’. प्रतींच्या प्रती निघाल्या, कल्याण-डोंबिवलीभर फिरल्या. भाड्याच्या व्हीसीआरवर सिनेमा संपला की कुणीतरी म्हणायचं, "ए, तो बेवडावाला लाव ना, एकदम रियल आहे!" मग तो हात मागेपुढे करून पाहायचे आणि हसायचे. मला त्या हसण्याची चीड यायची. चांगदेव मला मागायला आला की कुंडलिक मशीन बिघडल्याचं सांगून त्याला टोलवायचा.

गुणाजीची बायको मनुबाई कल्याणच्या बाजारात मासळी विकायची. एका गिऱ्हाइकाने हसत हसत त्या कॅसेटची गोष्ट तिलाच सांगितली. पाटी तशीच टाकून ती चांगदेवला घेऊन कुंडलिकच्या दुकानात आली.

"माजा दादला दारू पिऊन नाय परला," ती भरल्या दुकानात म्हणाली. "पोरीला वाचवाला उरी मारली त्यानं. ते पयलं दाखव समद्यांना."

कुंडलिक मशीनकडे जाईना. शेवटी चांगदेवनेच मला आत घातलं.

पडद्यावर क्रिकेटची मॅच सुरू झाली. मोडलेल्या पट्टीच्या भोकावर सेलोटेप चिकटवून कुंडलिकने माझ्या सुरुवातीच्या दोन मिनिटांवर मॅच टेप केली होती; पोर पडली, गुणाजीने उडी मारली, ते सगळं पुसलं गेलं होतं. मॅच तुटली तिथे थेट गुणाजीचा वर आलेला हात होता.

"अरे, मॅच चालू झालेली रे, कोरी कॅसेट नव्हती," कुंडलिक पुटपुटला.

"बंद कर," मनुबाई म्हणाली. मला पदराखाली घेऊन ती घरी आली.

कोळीवाड्याला खरं ठाऊक आहे, पण कोळीवाडा किती जणांना सांगत फिरणार? त्या प्रती अजून फिरतात. मित्रांनो, पडद्यावर कुणी मरताना दिसला तर हसू नका. आधी काय झालं होतं ते विचारा, आणि दुसऱ्याकडे पाठवण्याआधी विचारा. माझ्याकडे ते होतं. मला ते राखता आलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

मनुबाईच्या घरात व्हीसीआर नाही. कुणी विचारायला आलं की ती मला हातात धरते आणि पोर पडली तिथपासून सांगू लागते.