इतकी साफ नळी

खुशालराव पाटलांनी बंदूक रजियाबीच्या ओट्यावर ठेवली. सोबत आलेल्या नत्थुजीकडे त्यांनी सकाळपासून पाहिलंच नव्हतं.

पलटणीनं मोडीत काढलेली जुनी बंदूक. कापसाला सोन्याचा भाव आला तशा या बंदुकाही गाड्यांसोबत हिंडायला लागल्या. राखणदार नत्थुजीही पलटणीतून सुटून आलेला. काल बार्शीटाकळीहून अकोल्याला येताना भरदुपारी नाल्यात चोरट्यांनी पाटलांच्या कापसाची एक गाडी पळवली. नत्थुजी म्हणे, मी बार काढला. पण गाडीवाले आधीच पळालेले. साक्षीला कोणी नाही.

"उडवली का नाही, एवढंच सांगा," पाटील म्हणाले. "नसंल उडवली, त हा चोट्ट्यायले सामील. इथूनच चौकीवर नेतो."

शिकलगार नवरा गेल्यापासून गावातल्या बंदुका रजियाबीच धुवायची. तिनं नळीत उकळतं पाणी ओतलं. बार उडालेल्या नळीतून काळं पाणी येतं, सडक्या अंड्याच्या वासाचं. हे तर पिण्याजोगं निघालं.

"पाहा!" पाटील म्हणाले.

"कालच धुतली काय, नत्थुभाऊ?" रजियाबीनं विचारलं.

"पलटणीची आदत, बाई. बार काढला का धुवाच लागते."

"चोट्टे गाडी घेऊन पळून राह्यले, अन् हा बंदूक धुवून राह्यला!" पाटील हसले. ते हसू काही बरं नव्हतं.

"पुसली कशानं?" रजियाबीनं विचारलं.

तिनं नत्थुजीला न्याहाळलं. पागोटं शाबूत, धोतर शाबूत, कुठं चिंधी फाडलेली नाही. आता रजियाबीलाही शंका आली. तिनं नळी पुसायच्या गजाच्या टोकाचा, चिंधी अडकवायचा पेच उजेडात धरला. आट्यांत काळी, ओलसर तुसं अडकली होती. नखानं ओढून हुंगली. जळक्या दारूचाच वास. आणि तुसं कापसाची.

पाटलांकडे सरकी काढणाऱ्या बायांना घरी जाताना ओचा झटकून दाखवावा लागे. रजियाबीनंही एक हंगाम झटकला होता.

"मी सांगू, का तुमी सांगता?" ती हळूच म्हणाली.

नत्थुजीची मान खाली गेली. "मागं राह्यलेल्या गाडीतला कापूस घेतला, पाटील. दोन मुठी. पुसलं अन् नाल्यात फेकला."

"बार उडाला व्हता," रजियाबीनं तुसं पुढं केली. "घ्या, वास घ्या."

पाटलांनी वास घेतला, ठसकले. चौकीचं नाव पुन्हा काढलं नाही. बंदूक नत्थुजीच्या हाती दिली, ओटा उतरले, चार पावलं गेले आणि वळले.

"दोनच मुठी?"