चुंबक कुणी लावला

बिस्किटांच्या त्या कारखान्यात पीठ मळायचं यंत्र होतं. त्याचं झाकण उघडलं की ते आपोआप थांबायचं. सोय चांगलीच होती, पण थांबलं की पुन्हा वेग घ्यायला वेळ लागायचा, आणि वेळ गेला की साहेबांच्या कपाळावर आठ्या! मग कुणीतरी शक्कल काढली. झाकणाच्या खटक्यावर लोहचुंबक चिकटवायचा, म्हणजे यंत्राला वाटायचं की झाकण बंदच आहे. ते बापडं फिरत राहायचं आणि कामावरच्या बायका त्याच्या उघड्या तोंडातून मैदा ओतत राहायच्या. साहेब येताजाता बघायचे, "वा, आज काम झकास चाललंय," म्हणायचे आणि पुढे जायचे. सगळी अळीमिळी गुपचिळी.

त्या सकाळी चुंबक मामांनी लावला. मामा म्हणजे पाळीचे मुकादम, कारखान्यात सगळ्यांचेच मामा. दुपारच्या आत मैदा ओतणाऱ्या पोरीचा उजवा हात यंत्रात ओढला गेला. जीव वाचला, पण बोटं गेली.

चौकशी सुरू झाली तशी मामांची झोप उडाली. पण साहेबांनी सगळ्यांना जमवून जाहीर केलं, "कुणा एकाची चूक नाही. यंत्रणेत त्रुटी होती. कंपनी ती सुधारेल."

आता बोला! चूक झाली, पण करणारा कुणी नाही. मामांचा जीव मात्र भांड्यात पडला. बायकोही म्हणाली, "सुटलात बाई एकदाचे!" आणि खोटं तरी काय होतं त्यात? चुंबक काय एकटे मामाच लावायचे? पाळीपाळीनं सगळेच लावायचे, त्या पोरीनंही लावला होता. असं मनाला बजावलं, तरी मामांनी भरलं ताट बाजूला सारलं.

शेवटी ते दवाखान्यात गेले. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"मामा, झाकण उघडं दिसत होतं," ती म्हणाली. "तरी मी हात इतका खाली नेला. माझंच चुकलं."

"छे गं! कुणाचंच चुकलं नाही. साहेबांनीच सांगितलं, यंत्रणेत त्रुटी होती."

ती वळली. "यंत्रणा म्हणजे कोण?"

मामांनी नजर खिडकीकडे वळवली.

"मला रात्रंदिवस राग येतो, मामा. भांडावंसं वाटतं. पण समोर कुणी नसतंच. मग फिरून फिरून तो माझ्यावरच येतो."

मामांना वाटलं, उठावं आणि पळ काढावा. साहेबांनी दिलेली ढाल हातात होती. ती पोरीसमोर धरायची त्यांना लाज वाटली.

"माझ्यावर राग काढ," ते म्हणाले. "त्या दिवशी चुंबक मी लावला होता."

ती बघतच राहिली. मग जी भडकली! शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. मामांना तिनं नाही नाही ते ऐकवलं, रडली, पुन्हा ऐकवलं. मामांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. दमल्यावर ती म्हणाली, "आणि रोज बघून पुढे जायचे, ते साहेब कुठे आहेत?"

दुसऱ्या दिवशी मामा साहेबांच्या खोलीत शिरले. "चुंबक मी लावला होता. काय करायचं ते करा," ते म्हणाले. "आणि तिला भेटून या."

साहेब दचकले. "अहो मामा, मिटलेलं प्रकरण कशाला उकरताय? कंपनीतर्फे जाईल की कुणीतरी, फुलं घेऊन."

"कुणीतरी नको. तिनं विचारलंय, तुम्ही कुठे आहात."

साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी टेबलावरचे कागद सरळ केले. मग हळूच म्हणाले, "आपण दोघं मिळून जाऊ या का?"

"नाही साहेब," मामा म्हणाले. "मी माझ्या वाट्याचं ऐकून आलोय."