चढावरचा कंट्रोलर

मित्रांनो, मला पाहून तुम्ही चपटा डबा म्हणाल. मी एक जुना मोटर कंट्रोलर आहे. बॅटरीतली वीज मोटरला किती आणि कशी द्यायची, हे मी ठरवतो. उमेदीची वर्षे मी एका गोदामात, ओझी उचलणाऱ्या गाडीत काढली. पुढे ती गाडी मोडीत निघाली आणि मी मोटरसकट भंगाराच्या दुकानात धूळ खात पडलो.

एक दिवस तिथे एक वेल्डर आणि त्याची थोरली बहीण आली. ताई लाँड्री चालवायची. इस्पितळाच्या चादरी हातगाडीवरून चढावर ओढून ओढून तिचा खांदा कामातून गेला होता. आता ते काम सोडण्याची पाळी आली होती, म्हणून भाऊ घरीच विजेची गाडी बनवत होता.

त्याची नजर तिथल्याच एका जवळजवळ नव्या, चकचकीत कंट्रोलरवर होती.

"ताई, हा बघ. वाऱ्यासारखी पळेल गाडी."

"पळून मला कुठे जायचंय? भरली गाडी चढावर थांबली तर परत निघेल का, ते सांग."

दुकानदाराने मला पुढे केले. "हा सावकाश आहे, पण दमाचा आहे." मी फुलून गेलो.

भावाने मला फार जपले आणि तिथेच घोटाळा झाला. पाणी लागू नये म्हणून त्याने मला स्पंजात गुंडाळून पत्र्याच्या बंद पेटीत ठेवले. पहिल्याच फेरीत, भर चढावर मी इतका तापलो, की जळण्याआधी मला वीज तोडावी लागली. गाडी थांबली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"जुना माल तो जुनाच. उद्या नवा आणतो," भाऊ म्हणाला.

ताईने पेटीवर हात ठेवला. "अरे, हा तर तापाने फणफणलाय. इस्त्रीच्या गरम चादरी मी लगेच बोचक्यात बांधते का? मोकळा कर त्याला."

भावाने मला उष्णता ओढून घेणाऱ्या अॅल्युमिनियमच्या जाड पट्टीवर बसवले. वर छप्पर ठेवले, बाजू उघड्या केल्या. दुसऱ्या दिवशी ताईने निम्म्या चढावर गाडी मुद्दाम थांबवली. मी हळूहळू वीज सोडली आणि भरली गाडी धक्का न देता वर निघाली.

वर पोचल्यावर ताईचा हात सवयीने खांदा चोळायला गेला. "आज ओढलं कुठे मी?" म्हणत ती एकटीच हसली.

आता प्रत्येक फेरीनंतर ती माझ्यावर हात ठेवून पाहते. मित्रांनो, तुमच्या घरात राबणाऱ्या यंत्रांना नुसते झाकून ठेवू नका, अधूनमधून हात लावून पाहा. माणसांनाही पाहा. ताईचा खांदा इतकी वर्षे ठणकत होता, पण त्यावर कुणी हात ठेवला नव्हता.