माशांचा जप

उजाडायच्या आधीच धरणाच्या काठावर पाय ठेवायला जागा उरत नसे. माणसं मांडीला मांडी लावून बसलेली, लेकरं बापांच्या खांद्यांवर, म्हाताऱ्यांना घडीच्या खुर्च्या, आणि सगळ्यांचे डोळे पाण्याकडे. पाणी दाट हिरवं, वाटलेल्या पालेभाजीसारखं. मग मत्स्यगुरू माइक हातात घेत, घसा खाकरत आणि एक लांबलचक हुंकार सोडत. पाण्यावर शेकडो तोंडं दिसू लागत. मासेच मासे, तोंड उघडत, मिटत, पुन्हा उघडत.

"बघा, जप करतायत," गुरू म्हणत. "तुम्हाला जीभ दिली, तर तुम्ही ती शेजाऱ्याच्या चहाड्या करण्यात झिजवली. या मुक्या जिवांकडून काहीतरी शिका."

गर्दी ओशाळून हात जोडी. ऊन चढलं की मासे खाली जात, गुरू मोटारीत बसत आणि जपाने भारलेलं हिरवं पाणी बाटल्यांतून घरोघरी जाई. गुडघे, मधुमेह, नापास मुलं, सगळ्यांवर ते एकच औषध.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई तिथे जायला लागल्या त्या आत्यामुळे. बाईंची आई लवकर गेली तेव्हा याच आत्याने त्यांना वाढवलं होतं, आणि आता गुडघ्यांनी जेरीला आणलं म्हणून ती त्यांच्याकडे राहत होती. आत्या काही भोळीभाबडी नव्हती. भाजीवाल्याच्या तराजूवर तिचा विश्वास नसे, डॉक्टरांच्या गोळ्यांवरही नसे. गुरूंवर मात्र बसला होता. माणसं खोटं बोलतील, मासे कशाला बोलतील, असं तिचं म्हणणं. बाईंना यावर उत्तर सुचेना. मासे वर येत होते, हे त्या स्वतःच्या डोळ्यांनी बघत होत्या.

उत्तर सापडलं ते गुरूंच्या गाढ झोपेमुळे. एका सकाळी मोटार आलीच नाही. माइक नुसताच उभा. तरीही मासे वर आले आणि तोंडं उघडू-मिटू लागले. गुरू पोहोचले तेव्हा उन्हाचे चटके बसत होते, मासे केव्हाच खाली गेले होते आणि गुरूंच्या गालावर उशीचे वळ होते. पण ते डगमगले नाहीत. आपण हुंकार घरूनच दिला होता, माशांना तो पोहोचला, तुमचे कान अजून कच्चे आहेत म्हणून तुम्हाला ऐकू आला नाही, असं त्यांनी सांगितलं. लोकांनी आपल्या कच्च्या कानांबद्दल त्यांची माफी मागितली.

बाईंना हसू आलं आणि हसता हसता डोक्यात किडा वळवळला. शाळा सुटल्यावर त्या धरणाच्या वरच्या डोंगरावर चढल्या. त्यांच्या लहानपणी तिथे दिवसासुद्धा अंधार वाटावा असं रान होतं. आता उघडीबोडकी माती, प्लास्टिकच्या छपरांखालची भाजी आणि जमिनी विकणाऱ्या एका प्लॉटवाल्याने बांधलेल्या बंगल्यांच्या रांगा. अलीकडे पाऊसही पूर्वीसारखा रिमझिमत नसे. आला की एकदम कोसळे आणि सैल माती, शेतातलं खत, बंगल्यांची घाण, सगळं खरवडून धरणात आणून ओती. मग उन्हाळा लांबत जाई, पाणी आटून तापे आणि त्या आयत्या खुराकावर शेवाळ माजे. दिवसा उन्हात हेच शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडी. रात्री मात्र शेवाळ आणि तळातला कुजका गाळ मिळून तो संपवत. पहाटेपर्यंत पाण्यात श्वास घ्यायला काही उरतच नसे.

मासे जप करत नव्हते. ते गुदमरत होते.

बाईंनी घरी येऊन हे सांगितलं तर आत्या म्हणाली, तुला चांगल्या गोष्टीतही रोगच दिसतो.

पुढे सलग काही दिवस ढग दाटले. ऊन नाही, त्यामुळे मासे दुपारीही वरच. भक्ती वाढली, असं गुरूंनी जाहीर केलं. मग एका सकाळी धरणभर पांढरी पोटं तरंगत होती आणि दुर्गंधीने उभं राहवत नव्हतं. मोक्ष मिळाला, गुरू नाकाला रुमाल लावून म्हणाले. प्लॉटवाल्याने, ज्याने गुरूंसाठी मांडव आणि पायऱ्या बांधल्या होत्या, त्याच दिवशी रस्त्यावर फलक लावला: मोक्षसरोवराकाठी मोजकेच बंगले शिल्लक.

त्याच आठवड्यात आत्याला उलट्या सुरू झाल्या. डोळे पिवळे पडले, तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. यकृताला सूज होती. काय काय पोटात गेलं, असं डॉक्टरांनी विचारल्यावर तिने हिरव्या पाण्याचं नाव घेतलं, पण आपण ते उकळून प्यायलो, हेही ठासून सांगितलं. या शेवाळातलं विष उकळून जात नाही, डॉक्टर म्हणाले.

आत्या भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाई तिचे पाय चेपत होत्या. त्या मनातून पार घाबरल्या होत्या. आईनंतर त्यांना हीच एक होती.

"मला समजावून सांगू नकोस," आत्या वळून म्हणाली. "दाखव. मला आणि त्या सगळ्यांना."

आत्या काठी टेकत चालू लागल्यावर दोघी पहाटे धरणावर गेल्या. बाईंनी शाळेतली काचेची मोठी टाकी नेली होती आणि शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराकडून हवा सोडणारा छोटा पंप. धरणाचंच पाणी भरून त्यात वाचलेले मासे सोडले. ते लगेच वर येऊन तोंडं उघडू लागले. गर्दी खूश झाली, गुरू त्याहून. टाकीतही जप, असं म्हणून त्यांनी हुंकार दिला.

बाईंनी पंप चालू केला. नळीतून बुडबुडे निघाले. गुरूंचा आवाज चढत गेला आणि मासे एकेक करून खाली जाऊ लागले. थोड्या वेळाने वर एकही नव्हता. सगळे तळाशी निवांत फिरत होते.

"आता बोलवा त्यांना वर," बाई म्हणाल्या.

गुरूंनी हुंकार दिला. दुसरा दिला. तिसऱ्याला ठसका लागला. मग त्या बुडबुड्यांत माझाच प्राण आहे, असं ते म्हणाले.

"मग या पंपालाच गुरू करू," मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळा काठ हसला. त्या हसण्यात गुरूंचा पुढचा शब्द कोणाला ऐकूच आला नाही.

बाईंनी मग डोंगराकडे हात करून सगळं सांगितलं: रान, पाऊस, माती, खत, शेवाळ. "हे पाणी तुम्ही-आम्ही पितो. मासे आपल्याला दिवसेंदिवस सांगत होते की दम कोंडतोय, आणि आपण हात जोडून बसलो. कोणी सांगितलं म्हणून खरं मानू नका. माझंही नको. पाणी तपासून घ्या, वर जाऊन डोंगर बघा, प्रश्न विचारा."

आत्या काठी टेकत उठली आणि सरळ मांडवाखाली बसलेल्या प्लॉटवाल्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मी विचारते," ती म्हणाली. "तुमच्या बंगल्यांच्या संडासाची नळी कुठे निघते?"

प्लॉटवाला गुरूंकडे बघू लागला. गुरूंनी डोळे मिटून घेतले होते.

"त्यांना नका विचारू, त्यांनी समाधी लावलीय," आत्या म्हणाली. "तुम्ही सांगा."

आणि काठावरची सगळी माणसं, पाण्याकडे पाठ करून, उत्तराची वाट बघत उभी राहिली.