बारा शब्दांची ओवी

तव्यावरची भाकरी करपली तरी मोनिकाला वास आला नाही. कुडापलीकडून शेजारची सुरेखाकाकू ओरडली, "अगं मोने, धूर बघ की!" तेव्हा कुठं तिनं तवा उतरवला, काळी झालेली भाकरी कुत्र्यासाठी बाजूला ठेवली आणि दुसरी थापायला घेतली. पाच महिने असंच चाललं होतं. हात कामं करायचे, पाय चालायचे, कुणी विचारलं तर तोंडातून उत्तर यायचं. आत मात्र ओली वाकळ वळणीवर टाकून विसरून जावं, तसं काहीतरी जड लोंबत होतं. दुःख म्हणावं तर डोळ्यांत पाणीही नव्हतं.

"वैनी, च्या घ्या." बजरंगनं कप तिच्यापुढं धरला.

श्रीगोंद्याकडच्या त्या वस्तीवर धाकटा दीर भावजयीला चहा करून देतो, हे कुणी ऐकलं असतं तर हसलं असतं. पण नवरा, अंगद, गेल्यापासून या घराला भलताच गोडवा सुटला होता. सासू रतनबाई तिला 'माझी बाय' म्हणायची. चार वर्षांच्या कस्तुरीला बाजारातून फुगे यायचे. या गोडव्याची मुळी कुठं आहे, ते मोनिकाला ठाऊक होतं.

"आठवलं का काही?" बजरंगनं विचारलंच.

"न्हाई, भाऊजी."

"सहा येत्यात ना?"

"सहा येत्यात. सातव्याला अडतंय. तो आल्याबिगर फुडचे येत न्हाईत."

"आठवा की नीट. घरचंच काम हाय." तो हसला. त्याचे डोळे मात्र हसले नाहीत.

तीन वर्षांपूर्वी अंगदनं कोंबड्यांच्या रिकाम्या शेडमध्ये पुण्याहून आणलेली जुनी मशिनं मांडली. काळ्या पेट्या, त्यांना पंखे, पंख्यांचा दिवसभर घूं घूं आवाज. मशिनं गणितं सोडवतात आणि त्या बदल्यात मोबाईलमध्ये कॉईन जमा होतात, असं तो सांगायचा. आधी गाव हसलं. मग बाजारच्या दिवशी पोरं चपला बाहेर काढून, देवळात जावं तशी, शेड बघायला यायला लागली. दोघांनी तर आपापल्या गोठ्यात तशीच मशिनं लावली. वीज मात्र रीतसर परवडत नव्हती. अंगद वरच्या तारेवर आकडा टाकायचा.

"बँकेत खातं असतंय, तसं याचं कुठं?" मोनिकानं एकदा विचारलं होतं.

"याला बँक न्हाई, पासबुक न्हाई. बारा इंग्रजी शब्द हायेत, एकामागं एक. मोबाईल हरवला, जळाला, तरी ते शब्द दुसऱ्या मोबाईलमधी घातले की सगळं परत. शब्द गेले की सगळं गेलं. मग कलेक्टर आला तरी देऊ शकत न्हाई."

"मग लिहून ठिवा."

"कागद कुनाच्याबी हाती लागतोय. माझ्या तर ध्यानातबी ऱ्हात न्हाई. तुला शंभर ओव्या पाठ हायेत. बारा शब्द काय जड हायेत?"

खरंच नव्हते. पंचक्रोशीत कुठंही लग्नाची हळद दळायची म्हटली की मोनिकाला बोलावणं यायचं. तिचा गळा काही फार गोड नव्हता, पण जात्याच्या घरघरीत मिसळून जायचा, आणि नवरीच्या सगळ्या गोताची नावं ती ओवीत अशी गुंफायची की म्हाताऱ्या बायका पदरानं नाक पुसायच्या. त्या दुपारी तिनं घरचं जातं मांडलं, खुंट्याला हात घातला आणि मशिनीचे शब्द दळायला घेतले.

पहिली ओवी गाते, मँगो आंब्याच्या डहाळी,
दुसरी गं ओवी लॅडर, शिडी माडीला लाविली.
तिसरी ओवी वॅगन, गाडी उसाची दारात,
माझा गं अंगद राजा, उभा हिशेब करीत.

अंगद पोट धरून हसला होता. "आगं, सातासमुद्रापल्याडची मशीन तू जात्यावर बसवलीस!" पुढचे शब्दही तिनं असेच कुठला डोंगराला, कुठला पाखराला बांधून टाकले. मग अधूनमधून, निवडण करताना, धुणं धुताना, ती बाराव्या ओवीपर्यंत गुणगुणायची. इतर बायकांना वाटायचं, मोनीची नवी ओवी.

कार्तिकात आकडा टाकताना अंगदला झटका बसला. मोबाईल त्याच्या खिशातच होता. दोन्ही काळे झाले.

दहाव्याला कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. बांगड्या फोडायला सुरेखाकाकूलाच बोलावलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी तिचाही नवरा गेला होता, आणि असल्या कामाला गावात तिचेच हात चालत. त्या संध्याकाळी रतनबाईनं मोनिकाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाय, आता तोंडातनं ओवी काढू नगंस. घरात तुझ्या नंदेचं, रुपीचं लगीन हाय. तुझ्या तोंडची ओवी आता सुभ न्हाई."

मोनिका गप्प झाली. धुण्यावर गप्प, चुलीपुढं गप्प. जातं उचलून कोठारात गेलं. पुढं तेराव्यानंतर बजरंगनं नवा मोबाईल पुढं धरून शब्द विचारले तेव्हा तिनं तोंड उघडलं. सहा शब्द आले. सातव्याच्या जागी नुसती घरघर.

तिनं लपवलं नव्हतं. तिलाही तो शब्द हवाच होता. अंगदनं मागं ठेवलेलं तिच्या हाती तेवढंच होतं. शेत दोघा भावांच्या नावावर होतं, आणि अंगदच्या जागी वारस म्हणून तिचं आणि कस्तुरीचं नाव लावायचं काम 'लगीन झाल्यावर बघू' म्हणत बजरंगनं ढकललं होतं. ते का, ते तिला परवा कळलं. बजरंगच्या पलंगावरची चादर बदलताना उशीखाली स्टॅम्पपेपर निघाला. हक्कसोडपत्र. तिचं नाव छापलेलं, सहीची जागा कोरी. आणि काल ओसरीवर रतनबाई हळू आवाजात म्हणालेली तिनं ऐकलं, "शब्द घावला की सही घिऊन तिला जामखेडला म्हायेरी सोडून ये. पांढऱ्या कपाळाची बाई किती दिस उरावर ठिवायची?"

हे ऐकून मोनिकाला राग यायला हवा होता. आला नाही. ती आत गेली आणि तांदूळ निवडत बसली. सगळे निवडून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की तिनं ते आदल्या दिवशीच निवडले होते.

आज रुपालीची हळद दळायची होती. जातं कोठारातून निघालं, धुतलं, त्याला हळकुंड बांधलं. वर्षाच्या आत घरात लग्न कसं करायचं, हा प्रश्न आला होता, पण भटजींनी त्यावर तोड काढली होती. मोनिकासाठी तोड काढा, असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"चार सवाष्णी बाहेरच्या, पाचवी मी," रतनबाई म्हणाली, आणि स्वतःच्याच बोलण्यावर थबकली. तिचा नवराही सात वर्षांपूर्वी गेला होता. "न्हाई, पाचवी बजाची बायको. मोने, तू कस्तुरीला घिऊन मागल्या खोलीत बस. बायका गेल्या की ये."

"आई, थांब," बजरंग म्हणाला. तो दारातच उभा होता. नवरदेवाकडच्यांनी चारचाकी मागितली होती आणि यानं ताठ मानेनं हो म्हटलं होतं. "वैनी, आज शब्द पायजेच. काय करू म्हंजी आठवंल, ते तरी सांगा."

मोनिकानं जात्याकडं पाहिलं. "जात्यावर बसवलेले शब्द हायेत, भाऊजी. जात्याबिगर न्हाई यायचे."

"खुळी का काय!" रतनबाई कडाडली. "हळदीच्या जात्याला तुझा हात? रुपीच्या संसाराला आग लावतीस व्हय?"

"आई, गाडी कुठनं आनायची मग? तुझ्या गाठोड्यातनं?" बजरंगनं आवाज खाली आणला. "घटकाभर बसू दे. शब्द आला की उठव. बायकांना काय सांगायचं, ते मी बघतो."

रतनबाईनं लेकाकडं पाहिलं, जात्याकडं पाहिलं. मग तिचा चेहरा असा बदलला, की जणू काही झालंच नव्हतं. "बस, माझी बाय," ती म्हणाली. "जुना रिवाज, आता कोन एवढं बघतंय?"

बायका आल्या. जात्याशी मोनिकाला पाहून एकीनं दुसरीला कोपर मारलं.

"आता काळ बदललाय, मावशी," बजरंग मोठ्यानं म्हणाला. "वैनीबी मानूस हाय. आमी असलं काही मानत न्हाई." त्यातल्या एकीनं तर त्याचं कौतुकही केलं. हळदीच्या बायकांत पुरुष थांबत नाही, पण तो चौकटीला टेकून राहिला, हातात मोबाईल. कुडापलीकडं सुरेखाकाकू उभी होती. गावातली प्रत्येक हळद ती अशी बाहेरूनच बघायची.

मोनिकानं खुंट्याला हात घातला. लाकूड गार होतं. पहिला फेरा जड गेला, दुसरा त्याहून जड. हळकुंडाचे तुकडे कुरकुरले. मग दगडाला दगडाची ओळख पटली आणि घरघर सुरू झाली.

तिनं तोंड उघडलं.

जात्या रे दगडाच्या, तुला मायेचं काळीज,
रुपाली माझी नणंद, दळते हळद तिची आज.

आवाज फाटला होता, पण सूर जागेवर होता. ओठांवर रुपालीची ओवी चालली होती आणि तिच्या खाली, जात्याच्या पोटातून यावी तशी, दुसरी ओवी वर येत होती. मँगो. लॅडर. वॅगन. चौथा, पाचवा, सहावा. हात फिरत राहिला. आणि सातवा आला. काही न करता आला, शाळेतून लेकरू घरी यावं तसा. त्याच्या मागं आठवा, नववा, रांगेनं बारावा. त्यांच्याबरोबर अंगदचं पोट धरून हसणंही आलं, आणि मोनिकाला पहिल्यांदा तळहाताला लागलेलं जाणवलं. खुंट्यानं फोड आणला होता.

तिचा हात क्षणभर थांबला. बजरंगनं ते टिपलं.

"आला?"

"आला, भाऊजी."

"सगळे?"

"बाराच्या बारा."

त्यानं मोबाईल पुढं केला. "सांगा."

तिनं मान वर केली. कस्तुरी रुपालीच्या मांडीवर बसून हळदीत बोट बुडवत होती.

"न्हाई सांगनार," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, बाजारात भाव सांगावा तसा होता. "आधी शेताच्या उताऱ्यावर माझं आन कस्तुरीचं नाव लावा. तुमच्या उशीखालचा तो स्टॅम्प फाडा. मग चार मानसांसमोर बसू. ज्याचं जे व्हतंय, ते त्याला दिऊ. माझ्या पोरीचा हिस्सा मातर तिच्याच नावानं ऱ्हाईल. तवर हे शब्द माझ्या पोटात."

"कसला स्टॅम्प?" एका बाईनं विचारलं.

बजरंगनं मोबाईल खिशात कोंबला. एवढ्या बायकांपुढं त्याला काही करता येईना. रतनबाई मात्र उठली आणि हळदीची पाटी पायानं बाजूला सारली, तशी ती कलंडली.

"ऊठ! ऊठ तिथनं. बजा, जा, दुकानातनं हळदीचं पाकीट आन. ही हळद नवरीला लागायची न्हाई. रांडमुंड बाईच्या हातची..."

"आई," रुपाली म्हणाली.

इतका वेळ नवरी बोलली नव्हती. तिच्या लग्नात तिला कुणी काही विचारलंही नव्हतं, ना तारीख, ना गाडी.

"मघाशी हात हाच हुता की. तवा चालला. आता का चालत न्हाई?"

बाहेर बजरंगची मोटारसायकल धाडकन सुरू झाली आणि रस्त्याला लागली. दोन सवाष्णी उठून चपला शोधायला लागल्या. दोघी खाली मान घालून बसून राहिल्या. बजाची बायको भिंतीला चिकटून उभी होती, तिला कुठं बघावं ते कळत नव्हतं.

रुपालीनं कस्तुरीला खाली ठेवलं, मोनिकाच्या समोर येऊन बसली आणि खुंट्याला हात लावला. "वैनी, गाडी न्हाई म्हनून त्येंनी लगीन मोडलं तर मोडू दे. एवढी हळद तर दळून होऊ दे."

तेव्हा कुडाचं फाटक वाजलं. सुरेखाकाकू अंगणात आली होती. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कुणाच्या हळदीला. ओसरीच्या पायरीशी ती जरा घुटमळली, कुणी अडवतंय का ते पाहिलं, मग वर आली, पाटी सरळ केली आणि सांडलेली हळद दोन्ही हातांनी भरायला लागली. मोनिकाला ओवी सुचत नव्हती, तरी हात फिरत होता, आणि फोड ठणकत होता.

अर्ध्या तासानं बजरंग परत आला. पाकीट त्यानं उंबऱ्यावर टाकलं आणि शेडकडं निघून गेला. पिवळं, चकचकीत, तोंडाला चिकटपट्टी लावलेलं पाकीट. रतनबाईनं एकेकीच्या तोंडाकडं पाहिलं. ते उचलायला घरातली एकही बाई उठली नाही.

बायांनो, ती हळद तुमच्या लेकीची असती, तर ते पाकीट उचलायला तुम्ही उठला असता का?