दाबून भरलेला कप

थोरल्या जावेनं मैद्यात कप खुपसला, वर काढताना डब्याच्या काठावर दोनदा आपटला आणि अंगठ्यानं मैदा आत दाबला. मग सुरीच्या पाठीनं वरचा थर सपाट केला. तेवढं मात्र तिनं अगदी निगुतीनं केलं.

"ओता," धाकटी म्हणाली. तिची नजर वजनकाट्यावर होती.

मैदा भांड्यात पडला तो सुटा न होता, कपाचाच आकार घेऊन.

"एकशे बावन्न ग्रॅम."

"नीट लिहून घे. नंतर म्हणशील, जावेनं फसवलं."

"नाही म्हणणार."

दुकानामागच्या त्या भट्टीच्या खोलीत दोघी बोलत फारशा नसत. बोलल्याच तर टोचायला. केक थोरलीच्या हातचे, कारभार धाकटीचा. आता चौकापलीकडे दुसरं दुकान निघत होतं. तिथे पगारी माणसं येणार, असं दिराच्या बोलण्यातून थोरलीला कळलं होतं. कपाची मापं एकदा वजनात उतरली की केक कोणीही करील, मग आपल्याला कोण विचारतंय? नव्या दुकानाची किल्ली काट्याशेजारीच पडली होती, लाल दोऱ्यात ओवलेली. थोरलीनं तिच्याकडे पाहायचं टाळलं.

"साखर."

साखर कितीही आपटली तरी बधेना. तिचं वजन खरं तेच निघालं. कोको मात्र छान दबला.

"इतकी वर्षं कपानंच चाललं ना?" थोरली म्हणाली. "कुणाचे दात पडल्याचं ऐकलं नाही."

"दोन दुकानांत कप एकच. कुठे कुठे पळवायचा त्याला?"

"पळेल की. तुझ्यासारखी खुर्चीची सवय नाही त्याला."

आलेल्या आकड्यांवरून धाकटीनं स्वतःच केक भट्टीत घातला. बाहेर आला तो वरून भेगाळलेला. सुरी आत जायला कुरकुरत होती.

थोरलीनं तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि पदरानं ओठ टिपले.

"उंबऱ्याला लावायला बरा आहे. दार वाऱ्यानं आपटणार नाही."

धाकटीनं खालच्या फळीवरून झाकलेली थाळी काढली. तीत दुसरा केक होता. बोटानं दाबला की खाली जाई, सोडला की वर येई.

"हा सकाळी केला. एका कपाला एकशे वीस धरून."

थोरलीचा हात टेबलावरच थांबला.

"एकशे वीस कुठून आणलंस?"

"तुम्ही केक करायला घ्यायच्या आधी मी मैद्याचा डबा तोलायचे. तुमचं झालं की पुन्हा तोलायचे. उन्हाळ्यापासून करतेय. तुमचा कप कधी फारसा इकडेतिकडे झाला नाही." तिनं कडक केककडे पाहिलं. "आजच झाला."

"चोरून तोलत होतीस मला?"

"हो."

"मग सगळं ठाऊक असताना आज कशाला राबवलंस?"

"तिकडे नव्या मुली येणार आहेत. त्यांना शिकवायला, त्यांच्यावर लक्ष ठेवायला घरचं माणूस हवं होतं." धाकटीनं किल्ली उचलली, दोरा बोटाभोवती गुंडाळला आणि ती पर्समध्ये टाकली. "हे म्हणाले, वहिनीच. मी म्हटलं, आधी बघू तरी."

पर्सची चेन लागली. चपला वाजल्या, दुकानाचं दार उघडलं आणि मिटलं.

थोरलीनं कप धुतला, कोरडा पुसला. चमच्यानं मैदा सैल करून घेतला आणि हलक्या हातानं थोडा थोडा कपात सोडला. आपटला नाही, दाबला नाही. सुरीची पाठ एकदाच फिरवली आणि कप भांड्यात रिता केला.

मैदा भुरभुरत पडला. काटा एव्हाना आपोआप बंद झाला होता. तो चालू कसा करतात, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं.